खाज कातडीची, आरोप पोटावर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठी माणसाच्या अंगावर गांधी उठल्या की तो म्हणतो, ‘पित्त उठलं’. गांधी उठतात कातडीवर आणि नाव घेतले जाते पोटातल्या रसाचे. मग आमसुले भिजत घालायची, ते पाणी अंगाला चोळायचे आणि त्यातले थोडे प्यायचेही. आमच्यासारख्या उर्दू बोलणाऱ्या घरांत शब्द वेगळे, समज तीच. ‘अंदर की गर्मी बाहर आ रही है.’ मासे खाल्ल्यावर दूध पिऊ नये, अंगावर डाग उठतात, हे तर ब्राह्मणाच्या नसले तरी बाकी सगळ्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. भाषेने आणि स्वयंपाकघराने मिळून निदान केव्हाच करून ठेवले आहे: वर जे दिसते ते आतून आलेले असते.

हे निदान सगळ्यात जास्त भोगावे लागते ते अंगावरच्या बाळाला आणि त्याच्या आईला. बाळ तीन-चार महिन्यांचे होते, गाल लाल होतात, खरखरीत होतात, त्यातून पाणी झिरपते. पुढे रांगू लागले की हातापायांवर, मग कोपराच्या लवणीत आणि गुडघ्यामागे चट्टे येतात. रात्री खाज इतकी की लेकरू झोपत नाही आणि घरही झोपत नाही. आपण याला इसब म्हणतो. डॉक्टर अॅटोपिक डर्मटायटिस म्हणतात. यातल्या काही मुलांना उलट्या होतात, वारंवार पातळ शौचाला होते, पोट दुखते. घरातली वडीलधारी मंडळी लगेच दोन्हींची सांगड घालतात. मग आईचे वरण बंद, अंडे बंद, बाळाचे दूध बंद.

आमच्या खापरखेड्यात कुठल्याही खाजेचा पहिला आरोप वीज केंद्राच्या राखेवर जातो. धूर आणि धूळ यांनी कोरडी कातडी चिडते, यात खोटे काही नाही. पण जिथे पन्नास कोसांत चिमणी नाही तिथल्याही बाळांचे गाल असेच लाल होतात. राख सुटली की दुसरा आरोप पोटावर. आज मला या दुसऱ्या आरोपीची फाईल उघडायची आहे. मी डॉक्टर नाही. शब्दांचा माग काढत या विषयात शिरलेला माणूस आहे, आणि या विषयात शब्दच फार बोलके आहेत.

सुरुवात मुंबईच्या एका छापखान्यापासून करू. निर्णयसागर छापखान्याने १९३८ साली ‘काश्यपसंहिता’ छापली. बालकांच्या रोगांवरचा हा जुना आयुर्वेदीय ग्रंथ शतकानुशतके जवळजवळ हरवलेला होता. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या हाती त्याची खंडित ताडपत्री पोथी आली आणि त्यांच्याच लांबलचक प्रस्तावनेसह तो प्रकाशित झाला. त्यात ‘चर्मदल’ नावाच्या रोगावर एक अध्याय आहे. हा रोग दूधपित्या आणि दूध-अन्न दोन्ही खाणाऱ्या मुलांचा. मोठ्यांची कातडी घट्ट झालेली असते म्हणून त्यांना तो होत नाही, असे तिथे म्हटले आहे. कारणे दोन बाजूंनी दिली आहेत. एक आईच्या किंवा दाईच्या दुधातला दोष. दुसरी बाळाची कोवळी त्वचा आणि तिला होणारा घाम, मलमूत्र, कपडा, घर्षण यांचा त्रास. आजचे काही वैद्य या चर्मदलाला आपल्या इसबाशी जोडतात. दोन्ही एकच, असे मी म्हणणार नाही. जुन्या नावांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवण्याची मला हौस नाही. पण आतले आणि बाहेरचे असे दोन्ही दरवाजे त्या ग्रंथाने उघडे ठेवले होते, एवढे ध्यानात ठेवावे. पुढच्या लोकांनी कधी एक बंद केला, कधी दुसरा.

युनानी परंपराही फार वेगळे सांगत नव्हती. नवव्या-दहाव्या शतकात रे शहरी होऊन गेलेल्या हकीम राझी यांची मुलांच्या रोगांवरची एक छोटी पुस्तिका लॅटिन भाषांतरातून टिकून राहिली. बाळाच्या डोक्यावरचे खवले-पुटकुळ्या, जुलाब, उलट्या हे सारे तिच्यात आहे. मुलांच्या रोगांवरचे पहिले स्वतंत्र लेखन म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. इब्न सिना १०३७ साली वारले. त्यांच्या ‘कानून’मध्ये अंगावरच्या बाळावर इलाज करताना आधी दूध पाजणारीचा आहार-विहार सुधारावा असा उपदेश आहे. म्हणजे काश्यपांची धात्री आणि इब्न सिनांची दाई, दोघींच्या ताटावर वैद्याची नजर. औषध बाळाला लागायचे तेव्हा पथ्य बाईला. ही रीत आजही मोडलेली नाही.

युरोपात या रोगाला ‘दुधाची खपली’ म्हणत. दूध भांड्याला करपून लागते तशी गालावरची खपली दिसते म्हणून. पण नावात दूध आले की दोषही दुधावर येतो. ‘एक्झिमा’ हा शब्द त्याहून जुना, ग्रीक. अर्थ उकळून बाहेर येणे. आपण म्हणतो ना, दूध उतू गेले, अगदी तसे. रॉबर्ट विलन या इंग्रज डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्वचारोगांची वर्गवारी लावली तेव्हा या शब्दाला पक्की जागा मिळाली. शरीर म्हणजे चुलीवरचे पातेले आणि इसब म्हणजे उतू गेलेला दोष, ही प्रतिमा शब्दातच बसलेली आहे.

या प्रतिमेचा एक वाईट परिणाम झाला. उतू जाणारे बाहेर येऊ द्यावे, झाकण घालू नये, असे लोक मानू लागले. मलम लावून चट्टा घालवला तर रोग ‘आत जातो’ आणि मग दमा होतो, मेंदूवर जातो, बाळ दगावते, अशी भीती तिथल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही होती. आपल्याकडे आजही म्हणतात, ‘दाबू नका, बाहेर निघू द्या.’ या भीतीपायी किती पिढ्यांची लेकरे उगाच खाजवत राहिली असतील! इसब असलेल्या काही मुलांना पुढे दमा होतो हे खरे आहे. पण तो मलम लावल्यामुळे होत नाही. एकाच प्रकृतीची ती पुढची पायरी असते.

व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी ही भीती झटकून टाकली. खरूज रक्तातल्या बिघाडाने होत नाही, बारीक किड्याने होते आणि बाहेरून लावलेल्या औषधाने जाते, हे त्यांनी १८४० च्या दशकात ठासून मांडले. त्वचेचा रोग त्वचेत शोधा, पोटात आणि रक्तात कशाला जाता, असा त्यांचा खाक्या. त्यांच्या शिष्यांनी तो जगभर नेला. पोट आरोपातून सुटले. पण काही काळच.

त्याला परत पिंजऱ्यात उभे केले ते विसाव्या शतकातल्या काही प्रयोगांनी, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे. व्हिएन्नातल्याच बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘अॅलर्जी’ हा शब्द घडवला. न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी १९१२ मध्ये एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला अंडे, बदाम आणि ओट सोसत नव्हते. त्या मुलाच्या कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यावर एकेक पदार्थ लावून त्यांनी पाहिले; ज्याचे वावडे तिथेच गांध उठली. आज मुलाच्या हातावर अॅलर्जीची चाचणी होते तिची ही पणजी.

मग १९२१ साल, ब्रेस्लाऊ शहर. हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरला माशाचे वावडे होते. कार्ल प्राउस्निट्झ या त्याच्या सहकाऱ्याला नव्हते. क्यूस्टनरच्या रक्तातले पाणी प्राउस्निट्झने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. गांध उठली. वावडे रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येते, म्हणजे रक्तात काहीतरी वस्तू आहे, हे सिद्ध झाले. ती वस्तू काय हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षे गेली. इशिझाका हे जपानी पतिपत्नी अमेरिकेत, योहान्सन आणि बेनिक स्वीडनमध्ये, यांनी ती १९६६-६७ च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधली. १९६८ मध्ये तिला आयजीई हे नाव मिळाले.

पण आपल्या विषयाचा खरा मोती त्या मधल्या काळात आहे. ब्रुकलिनच्या मॅथ्यू वॉल्झर यांनी १९२७ मध्ये क्यूस्टनरचाच खेळ एक पाऊल पुढे नेला. मासे सोसणाऱ्या, धडधाकट माणसांच्या दंडात वावडे असलेल्याचे रक्तजल टोचले. नंतर त्या जागी माशाचा अर्क टोचला नाही. त्या माणसांना मासे खायला दिले. थोड्या वेळाने दंडावरच्या त्याच ठिपक्यावर गांध उठली, खाज सुटली. म्हणजे माशाचे प्रथिन पूर्ण न पचता, अखंड, आतड्यातून रक्तात शिरले होते आणि रक्ताबरोबर कातडीपर्यंत पोहोचले होते. तेही आजारी नव्हे, निरोगी माणसात. पचन म्हणजे घट्ट चाळणी अशी समजूत होती. चाळणीला भोके निघाली. पुढे १९५५ मध्ये ग्रस्के आणि कुक यांनी दाखवले की जुलाबातून उठणाऱ्या तान्ह्या मुलांत अंड्याचे प्रथिन असे अखंड शिरण्याचे प्रमाण अधिक असते. हगवणीचा शेजार असलेल्या आपल्यासारख्या देशाने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दरम्यान रोगाचे बारसेही झाले. पॅरिसच्या एर्नेस्ट बेनिए यांनी १८९२ मध्येच हे चट्टे, दमा आणि परागज्वर एकाच घराण्यात फिरतात हे टिपले होते. १९२३ मध्ये कोका आणि कुक या अमेरिकनांना अशा प्रकृतीसाठी शब्द हवा होता. कोलंबिया विद्यापीठातले भाषापंडित एडवर्ड पेरी यांनी त्यांना ग्रीकमधून ‘अॅटोपी’ काढून दिला. अर्थ: ज्याला जागा नाही असा, अस्थानी, विचित्र. दहा वर्षांनी वाइझ आणि सल्झबर्गर यांनी त्यातून ‘अॅटोपिक डर्मटायटिस’ केले. डॉक्टरांना शब्द सापडेना तेव्हा ते भाषेच्या मास्तरांकडे गेले, ही गोष्ट माझ्यासारख्या बी.ए. झालेल्याला सुखावते. आणि शब्दही किती प्रामाणिक! रोगाला जागा नाही; कातडीत की पोटात, ठरत नाही.

आता आकड्यांचा जमाना सुरू झाला. शिकागोच्या ग्रुली आणि सॅनफर्ड यांनी १९३६ मध्ये २०,०६१ बाळांचा हिशेब मांडला. गाईच्या दुधावर वाढलेल्या बाळांत इसब अंगावर पिणाऱ्या बाळांच्या सातपट आढळला. पुढच्या अनेक पाहण्यांत एवढा मोठा फरक दिसला नाही, पण या एका आकड्याने बालरोगतज्ज्ञांच्या दोन-तीन पिढ्या भारून टाकल्या. बऱ्याच वर्षांनी बेलारूस देशात सतरा हजारांवर माता-बालकांचा अधिक काटेकोर प्रयोग झाला. काही रुग्णालयांत स्तनपानाला खास उत्तेजन दिले, काहींत नेहमीचे चालू ठेवले. २००१ मध्ये निकाल आला. उत्तेजन दिलेल्या गटात पहिल्या वर्षात जुलाबाचे आजार १३.२ टक्क्यांवरून ९.१ वर आणि इसब ६.३ टक्क्यांवरून ३.३ वर. पोट आणि कातडी दोघांनाही एकाच गोष्टीचा लाभ झाला. मुले साडेसहा वर्षांची झाली तेव्हा मात्र दमा आणि अॅलर्जी यांत दोन गटांत फरक उरला नव्हता.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात डेव्हिड अॅथर्टन यांनी १९७८ मध्ये पथ्याचीच परीक्षा घेतली. इसबाच्या मुलांना काही आठवडे अंडे आणि गाईचे दूध नाही, काही आठवडे आहे. केव्हा काय चालू आहे हे मुलांना, पालकांना आणि तपासणाऱ्यांना ठाऊक नाही. प्रयोग पूर्ण करणाऱ्या २० मुलांपैकी १४ जणांना पथ्याच्या काळात जास्त बरे वाटले. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्येच इसबाच्या रुग्णांना विशिष्ट साखरा पाजून लघवी तपासली गेली, तेव्हा त्यांचे आतडे इतरांपेक्षा जास्त झिरपते असे दिसले. १९९८ मध्ये इटलीतल्या पार्मा शहरी कार्लो काफारेल्ली यांनी दाखवले की उलटी, जुलाब, दूध वर येणे हे त्रास इसबाच्या मुलांत इतर मुलांपेक्षा अधिक असतात, आणि अंगभर इसब असलेल्यांत विशेष. आज्ज्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते, हे एका परीने छापून आले.

काही मुलांत तर पचनाच्या नळीतच अॅलर्जी घर करून बसते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९९५ साली दहा मुलांची नोंद झाली. वर्षानुवर्षे छातीत जळजळ, उलट्या; आम्लपित्ताची औषधे देऊनही गुण नाही. त्यांच्या अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी दाटलेल्या होत्या. अखंड प्रथिन अजिबात नसलेले खास दूध दिल्यावर ती सुधारली. अशा रुग्णांत इसब, दमा, सर्दी यांचा पूर्वेतिहास पुष्कळदा सापडतो. मूल घास पुन्हा पुन्हा अडकतो म्हणत असेल, शौचातून रक्त जात असेल, वजन वाढत नसेल किंवा एखादा पदार्थ खाल्ल्यावर ठरावीक वेळाने उलट्या करत असेल, तर ते ‘उष्णता’ म्हणून सोडू नये; मुलांच्या डॉक्टरकडे न्यावे. इसबाबरोबर असे काही असले तर आवर्जून.

इथवर ऐकून वाटेल की आरोप सिद्ध झाला. पण गोष्टीला खरे वळण यापुढे आहे.

स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठात अर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचा दोष पकडला. कातडीचा वरचा थर विटा-चुन्यासारखा पक्का ठेवायला हे प्रथिन लागते. युरोपातल्या सुमारे दहा टक्के लोकांत त्याच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते, आणि अशांना इसब होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणजे पुष्कळ बाळांत पहिली भेग भिंतीलाच असते. ती पोटातून आलेली नसते. सगळ्या इसबाचे हे एकच कारण नव्हे, तरी काश्यपांचा तो दुसरा, बाहेरचा दरवाजा पुन्हा उघडला.

त्या दरवाजातून काय आत येते? लंडनचे गिडिऑन लॅक यांनी २००३ मध्ये शेंगदाण्याचे वावडे असलेल्या मुलांचा अभ्यास छापला. ज्या बाळांच्या चिडलेल्या कातडीला शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे लावली होती त्यांच्यात हे वावडे जास्त होते. त्यावरून त्यांनी एक तर्क मांडला. अन्न तोंडावाटे आले तर शरीर त्याला पाहुणा समजते. तेच भेगाळलेल्या कातडीतून आले तर चोर समजते, आणि पुढे ते पोटात गेले तरी आरडाओरड करते. म्हणजे आपण कारण आणि परिणाम उलटे लावत होतो. अन्नामुळे इसब होतो असे म्हणत होतो. अनेक मुलांत इसबामुळे अन्नाचे वावडे होते.

हे ऐकले तेव्हा मला आपली न्हाणीघरे आठवली. बाळाला डाळीचे पीठ, दूध-साय, हळद लावून खसाखसा चोळणे. गव्हाच्या पिठाचा गोळा करून अंगावरची लव काढणे. धडधाकट कातडीला त्याने काही होत नसेल. पण ज्या गालांतून पाणी झिरपते आहे त्यांवर हरभऱ्याचे पीठ आणि दूध चोळणे म्हणजे खाज तर वाढवणेच, शिवाय त्या पदार्थाची शरीराशी ओळख चोरवाटेने करून देणे. त्वचेचे डॉक्टर अशा बाळांना हे लावू नका म्हणतात, ते उगाच नाही.

आणि याच्या उलट आपली बाळगुटी. मुरडशेंग, वेखंड, सुंठ, हिरडा, जायफळ, खारीक आणि बदाम, सहाणेवर मोजून वळसे, आईच्या दुधात. आमच्याकडे हीच घुट्टी. स्वच्छतेच्या आणि भेसळीच्या कारणाने डॉक्टर तिला आज नको म्हणतात, आणि ते बरोबर आहे. पण बदामाची बाळाशी पहिली ओळख जिभेवरून व्हायची, एवढे माझ्या मनात येऊन जाते.

लॅक यांनी आपला तर्क तपासलाही. इस्रायलमध्ये बाळांना लहानपणीच शेंगदाण्याचा एक कुरकुरीत खाऊ देतात. २००८ मध्ये त्यांच्या चमूने दाखवले की तिथल्या ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याचे वावडे सुमारे दहापट आहे. मग ६४० बाळे घेतली, चार ते अकरा महिन्यांची, सगळी तीव्र इसबाची किंवा अंड्याच्या वावड्याची. अर्ध्यांना शेंगदाणा वर्ज्य, अर्ध्यांना नियमित. २०१५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांच्या वयात वर्ज्य करणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना वावडे, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असे सांगितले होते. तो सल्ला २००८ मध्ये त्यांनी सोडला होता. आता तो उलटाच झाला.

म्हणून पथ्याचा प्रश्न साधा राहत नाही. शिकागोच्या एका पाहणीत २९८ मुले होती, अन्नामुळे इसब वाढतो असे ठरवून पथ्यावर ठेवलेली. ज्यांना आधी तो पदार्थ खाल्ल्यावर तत्काळ कधी काही झाले नव्हते अशांपैकी १९ टक्क्यांना पथ्यानंतर तोच पदार्थ पोटात गेल्यावर तत्काळ, काहींना गंभीर, प्रतिक्रिया आली. हे २०१६ मध्ये छापले गेले. तोंडाची ओळख तोडली आणि शरीर विसरले. आईच्या पथ्याबद्दल तर २०१२ च्या एका मोठ्या आढाव्याने सांगितले की गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना आईने दूध-अंडी सोडल्याने बाळाचा इसब टळण्याची शक्यता कमी, आईच्या पोषणाला मात्र धोका. इब्न सिनांना हे दाखवता आले असते तर ते रागावले नसते. नव्या पुराव्याला मान देणारे होते.

यात डावावर काय लागते, त्याचे एक उदाहरण गरीब देशातले नाही, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले आहे. २००१ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी बावीस महिन्यांच्या एका मुलाची नोंद केली. त्याला जुना इसब होता, दूध सोसत नाही असे घरच्यांना वाटले. दुधाऐवजी त्याला तांदळापासून बनवलेले एक पेय दिले जात होते. त्यात प्रथिन नावापुरते. मूल सुजले, कातडी सोलवटली, आणि निदान झाले क्वाशिओरकोर. घरात फ्रीज भरलेला, आईबाप काळजीवाहू, आणि मुलाला दुष्काळातला रोग. हा शब्द सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमधून, आजच्या घानातून, १९३५ मध्ये जगापुढे आणला. तिथल्या गा भाषेत त्याचा अर्थ, धाकटे जन्मल्यावर थोरल्याला होणारा आजार. थोरल्याचे अंगावरचे दूध तुटते आणि नुसत्या पेजेवर ते सुजते. या रोगात कातडी वाळलेल्या रंगासारखी पोपडे धरून निघते. म्हणजे कातडी बरी व्हावी म्हणून दूध तोडले आणि दूध तुटले म्हणून कातडी गेली. मेळघाटच्या बातम्या वाचून मोठे झालेल्या आपल्या विदर्भाला हे वेगळे समजावायला नको. पेज आणि साबुदाण्याचे पाणी पाजून ‘हलके’ देण्याची आपली सवय अशा लेकरांना महागात पडते.

यावर कोणी विचारेल, मग तपासणी करून घ्यावी का? रक्ताच्या चाचणीत दहा पदार्थांपुढे खूण आली म्हणजे दहांचे वावडे असते असे नाही. इसबाच्या मुलांत आयजीई मुळातच चढे असते. खूण म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी जुजबी ओळख. वावडे आहे की नाही हे खाल्ल्यावर काय होते त्यावरून, आणि शंका असेल तर दवाखान्यात नजरेखाली थोडे थोडे खायला देऊन ठरते. २००८ च्या एका आढाव्यात, सरसकट सगळ्या इसबाच्या मुलांना पथ्य दिल्याने फारसा लाभ आढळला नाही. अंड्याचे वावडे असावे अशी शंका असलेल्या आणि चाचणीतही तसे दिसलेल्या बाळांना अंडे बंद केल्याने थोडा फायदा होतो एवढेच दिसले.

पोटातल्या जंतूंचाही एक अध्याय झाला. फिनलंडच्या तुर्कू शहरात आयांना आणि बाळांना लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू दिले. २००१ मध्ये जाहीर झाले की दोन वर्षांच्या वयात इसबाचे प्रमाण ४६ टक्क्यांऐवजी २३ टक्के. ताक पिणाऱ्या मराठी माणसाची छाती फुगावी असा निकाल! पण जर्मनीत २००८ मध्ये तोच प्रयोग करून तसे काही दिसले नाही, आणि झालेल्या इसबावर असे जंतू देऊन फारसा उपयोग होत नाही हे २०१८ च्या आढाव्याने सांगितले. ताक ताकासाठी प्यावे. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मांडलेला, मोठ्या कुटुंबातल्या धाकट्या भावंडांना अॅलर्जी कमी का, हा विचारही याच वाटेवरचा. १९९० च्या दशकात मुलांच्या दमा-इसबाची जगभर जी पाहणी झाली तिच्यात आपली अकोला, पुणे, बोरिवली ही केंद्रेही होती. त्या वेळी भारतातले इसबाचे प्रमाण पाश्चात्य देशांच्या मानाने कमी होते. शहरे वाढली, घरे लहान झाली, साबण वाढले. डॉक्टर आता अशी मुले अधिक पाहतात.

भिंतीला भेग असेल तर ती बुजवावी, म्हणून ब्रिटनमध्ये १,३९४ नवजात बाळे घेऊन त्यांतल्या अर्ध्यांना वर्षभर रोज ओलावा टिकवणारे मलम लावले. २०२० मध्ये निकाल आला: दोन वर्षांच्या वयात इसबाच्या प्रमाणात फरक नाही. इसब टाळायला मलम पुरे पडले नाही. झालेल्या इसबाला मात्र तोच पहिला उपचार आहे: कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ, सौम्य साबण, ओल्या अंगावरच भरपूर मलम, आणि भडका उडाला की डॉक्टरने दिलेले स्टेरॉइडचे मलम, सांगितले तेवढे दिवस. ‘आत जाईल’ म्हणून ते अर्धवट सोडू नये.

आणि शेंगदाणा. तीव्र इसब असलेल्या बाळाला तो आधी डॉक्टरला विचारून, जरूर तर चाचणी करून, वरचे अन्न सुरू झाल्यावर द्यावा, असा सल्ला परदेशात २०१७ पासून आहे. द्यायचा तो अख्खा दाणा नव्हे, तो श्वासनळीत अडकतो. भाजून, बारीक कूट करून, खिमटात पातळ कालवून, चमच्याच्या टोकावर.